बारा वीत लांब, सात वीत रुंद

कमी वीज खाणारे घर बांधले म्हणजे माणूस कमी घेऊन जगू लागला, असे म्हणता येईल का? ऊर्जाबचतीची घरे बांधणारे आर्किटेक्ट आणि बांधून घेणारे मालक हा प्रश्न बहुधा सुटलेलाच धरतात. जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरात १९९१ साली वोल्फगांग फाइस्ट यांच्या पुढाकाराने पहिले ‘पॅसिव्ह हाउस’ उभे राहिले. भिंतींना जाड उष्णतारोधक थर, तीन काचांच्या खिडक्या, फटी बुजवून जवळजवळ हवाबंद केलेले कवच आणि बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या हवेला देणारे यंत्र, एवढ्यावर तिथला हिवाळा निघतो. खोल्या गरम ठेवायला वर्षाकाठी दर चौरस मीटरमागे १५ युनिटांहून जास्त ऊर्जा लागू नये, ही त्याची कसोटी पुढे जगभर गेली. घराचे भाग कारखान्यात तयार करून जागेवर क्रेनने बसवायची मॉड्यूलर पद्धत तिला चांगली जुळते, कारण छपराखाली मापात काम झाले की सांधे घट्ट बसतात आणि माल कमी वाया जातो. हे सगळे कौतुकाचेच आहे. खटकते ती मोजपट्टी. दर चौरस मीटरमागे किती, एवढेच ती विचारते. मुळात चौरस मीटर किती, हे विचारत नाही. पहिला प्रश्न काटकसरीचा आहे, दुसरा संयमाचा, आणि पहिल्याचे उत्तर चोख दिले तरी दुसरा तसाच उभा राहतो, असे माझे म्हणणे आहे.

घराविषयीचा हा दुसरा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी, फार बारकाईने विचारला गेला आहे. विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या नियमग्रंथात, धनिय नावाच्या भिक्खूची कथा येते. मूळचा कुंभाराचा पोर. राजगृहाजवळची त्याची गवताची कुटी लोक पुन्हा पुन्हा मोडून नेत, तेव्हा त्याने आपली विद्या वापरली: सगळी कुटी मातीची केली आणि गवत, लाकूड, शेण पेटवून ती अख्खी भाजून काढली. लालबुंद, देखणी, टकटक केले तर घंटेसारखी वाजणारी. बुद्धांनी ती फोडायला लावली, कारण ती भाजताना बारीक जीव होरपळले. कुटी पक्की होती, तिचा पुढचा खर्च शून्य होता; पण हिशेब तिथून सुरूच झाला नाही, ती घडवताना काय गेले तिथून झाला. दुसरी कथा आळवीच्या भिक्खूंची. स्वतःसाठी अमर्याद मोठ्या कुट्या बांधायला घेऊन ते माणसे, बैल, कुऱ्हाडी, गवत मागत दारोदार फिरत. लोक इतके कावले, की लांबून गाय दिसली तरी भिक्खू समजून पळ काढत. (धर्मग्रंथांत विनोद नसतो म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) त्यावर नियम झाला: दात्याशिवाय, स्वतःसाठी बांधायची कुटी सुगताच्या, म्हणजे बुद्धांच्या, वितीने बारा वीत लांब, आतून सात वीत रुंद, आणि जीवांना उपद्रव होणार नाही अशी जागा संघाने आधी पाहून द्यायची. ती वीत केवढी, यावर एकमत नाही. साधी धरली तर खोली होते सुमारे पावणेतीन मीटर बाय दीड मीटर. मर्यादा एकूण आकारावर आहे, हे महत्त्वाचे.

एकूण आकार मोजला नाही की काय होते, याचा दाखला अमेरिकेत मिळतो. तिथल्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या २००९ च्या पाहणीत २००० नंतर बांधलेली घरे आधीच्या घरांपेक्षा सरासरी ३० टक्के मोठी निघाली आणि त्यांना ऊर्जा लागत होती २ टक्के जास्त. म्हणजे तंत्राने खूप वाचवले आणि वाढत्या आकाराने ते सगळे गिळले. चौरस मीटरची पट्टी त्यात मोठ्या घराला झुकते माप देते, कारण आकारमान वाढले की जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवाट्याला बाहेरची भिंत आणि छप्पर कमी येते. लहान घराला १५ युनिटांत बसणे अवघड, प्रशस्त बंगल्याला सोपे! आपल्या २०१८ च्या ‘इको निवास संहिते’तही छप्पर सोडून उरलेल्या कवचातून आत शिरणाऱ्या उष्णतेची मर्यादा कवचाच्या दर चौरस मीटरला १५ वॉट अशीच ठेवली. बांधकामाचा दर्जा तपासायला ही पट्टी योग्यच. तिच्यावरून मालकाचे पुण्य मोजू नये.

यावर कोणी म्हणेल, छपरावर सौर पॅनेल बसवून घर आपली वीज आपणच करत असेल, तर आकाराने काय बिघडते? बिघडते ते धनियच्या कुटीत बिघडले तेच. सिमेंट, पोलाद, काच आणि पॅनेल स्वतः, यांना लागलेली ऊर्जा पहिला दिवा लागण्याआधीच खर्च झालेली असते. वापराचा खर्च जितका घटतो, तितका एकूण हिशेबात या आधीच्या खर्चाचा वाटा वाढतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ज्यांना धड छप्पर नाही त्यांना मर्यादा सांगणे ही क्रूर थट्टा. मान्य. पण आर्किटेक्ट नेमून, जागा निवडून घराचा आराखडा करणारा माणूस त्या रांगेत नसतो, आणि प्रश्न त्यालाच आहे.

तिसरा आक्षेप असा, की भिक्खूचा नियम गृहस्थाला कशाला? त्याच्यामागे बायकामुले आहेत, म्हातारे आईवडील आहेत. बरोबर आहे, आणि म्हणूनच जैन परंपरेने गृहस्थासाठी वेगळे व्रत ठेवले. परिग्रह-परिमाणात आकडा बाहेरून लादला जात नाही. श्रावक तो आपला आपण ठरवतो, अट एवढीच की आधी ठरवायचा. तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे अतिचार, म्हणजे ते मोडण्याचे प्रकार, सांगताना शेत आणि घर अगदी आरंभी येतात. श्रावकाचारावर लिहिणाऱ्या आचार्यांना माणसाची हुशारीही ठाऊक होती: शेजारचे घर घ्यायचे, मधली भिंत पाडायची आणि ‘माझे घर एकच’ म्हणायचे, हाही अतिचार त्यांनी नोंदवून ठेवला. मॉड्यूलर घराला ही पळवाट सहज सापडते. आज दोन भाग, पुढल्या वर्षी तिसरा, मग पाहुण्यांसाठी चौथा. प्रत्येक भाग काटकसरीचा, प्रत्येकाला प्रमाणपत्र, आणि घर अजून एकच. पण त्याच पद्धतीत उलटी सोयही आहे, जी विटांच्या घरात नाही. नीट योजलेला सांधा बोल्ट काढून सोडवता येतो. मुले आपापल्या मार्गाने गेली की एक भाग उतरवून गरजवंताला देता येतो. त्यासाठी पाया, नळ आणि वायरिंग पहिल्या नकाशातच तशी काढावी लागतात, आणि किती भागांपुढे जायचे नाही हा आकडा आर्किटेक्टला पहिल्याच बैठकीत द्यावा लागतो.