म्हशीची मान

फेंडर घराण्यातल्या इलेक्ट्रिक गिटारची नेक चार स्क्रूंवर उभी असते. नेक म्हणजे डाव्या हातात धरायचा तो लांब दांडा, ज्याच्यावर फ्रेटच्या धातूच्या पट्ट्या असतात. सतारवाले त्याला दांडी म्हणतात. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. १९५०मध्ये त्याने बाजारात आणलेल्या गिटारची नेक सरसाने चिकटवलेली नव्हती, स्क्रूंनी आवळलेली होती. हिशोब रेडिओवाल्याचाच होता: एखादा भाग झिजला की काढायचा, नवा बसवायचा आणि गिऱ्हाईक वाट बघत असेल तर त्याला चहा संपायच्या आत मोकळं करायचं. खानदानी वाद्यं बनवणाऱ्यांनी नाकं मुरडली. लिओसाहेबांना मात्र खानदान वगैरे काही सांभाळायचं नव्हतं.

या चार स्क्रूंमुळे माझ्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहिला. तो इथे जरा सविस्तर मांडतो, कारण तो फक्त गिटारचा आहे असं मला वाटत नाही.

आमच्या गिटारचं नाव म्हैस. काळी आहे, जड आहे आणि पावसाळ्यात खुश नसते (हे शेवटचं म्हशीच्या स्वभावाला धरून नाही, कबूल). लोणावळ्यात आम्ही चौघं वाजवायचो तेव्हा प्रत्येकी साडेचार हजार काढून ती मुंबईहून जुनी विकत आणली. पुढे बँड मोडला. भांडण वगैरे काही नाही, बँड मोडतात तसा मोडला. एक पुण्यात नोकरीला लागला, एक कॅनडाला गेला, एकाने वाजवणंच सोडलं. म्हैस माझ्याकडे कामशेतला राहिली, कारण कुणी मागितली नाही. आपला हिस्सा परत द्या असं आजवर कुणी म्हणालेलं नाही आणि तो सोडला असंही कुणी म्हणालेलं नाही.

म्हशीची नेक बारीक आहे. व्हर्नियरने मोजली तर पहिल्या फ्रेटपाशी १९ मिलिमीटर. माझा पंजा मोठा आहे, बोटं लांब आहेत. अशा हातात बारीक नेक आली की तळवा रिकामा राहतो आणि सगळा भार अंगठ्याच्या चिमटीवर येतो. दोन वर्षं अंगठ्याच्या मुळाशी दुखत होतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनी एक जाड पेन हातात दिलं, मग एक बारीक दिलं, आणि कुठल्याने हात कमी आवळला जातो ते मलाच बघायला सांगितलं. त्यानंतर एका ओळखीच्याची जुन्या धाटणीची गिटार वाजवून पाहिली. नेक बेसबॉलच्या दांड्यासारखी, सुमारे एक इंच जाड. तासभर वाजवली, अंगठा गप्प.

तेव्हा ठरवलं की म्हशीला जाड नेक बसवायची. तसं ग्रुपवर टाकलं. पुणेकराचं उत्तर आलं, ‘मग ती आपली म्हैस राहील का रे?’

हा प्रश्न जुना आहे. प्लुटार्कने थिसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली आहे. अथेन्सच्या लोकांनी त्याच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलल्या आणि तत्त्वज्ञ भांडत बसले, की हे तेच जहाज का दुसरं? सतराव्या शतकात थॉमस हॉब्सने त्यात आणखी एक काडी टाकली: काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच जहाज परत बांधलं तर खरं कुठलं? गिटारवाल्यांच्या जगात ही कल्पना राहिलेली नाही. एकीची नेक, दुसरीची बॉडी, तिसरीचे पिकअप असं जुळवून बनवलेल्या गिटारला ‘पार्ट्सकास्टर’ असा शब्दच आहे. एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तशीच, १९५६-५७च्या जुन्या गिटारींचे चांगले चांगले भाग काढून जुळवलेली. २००४मध्ये ती लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरची नेक तर किती वेळा बदलली, त्याची यादी चाहते तोंडपाठ म्हणतात. २०१९मध्ये तिला जवळजवळ चाळीस लाख डॉलर मिळाले. ती ‘तीच’ का, असं घेणाऱ्याने विचारलं नाही, कारण काय बदललं ते सगळं उघड होतं. लपवून बदललेला भाग ही फसवणूक. सांगून बदललेला भाग हा त्या गिटारचा इतिहास. बाजाराची नैतिकता एवढीच आहे आणि तेवढ्यापुरती ती चोख आहे.

पण मला म्हैस विकायची नाही, त्यामुळे बाजाराचं उत्तर माझ्या कामाचं नाही. आणि जहाजाच्या कोड्यात एक खोट आहे. तिथे सगळ्या फळ्या सारख्या मानल्या आहेत. गिटारचे भाग सारखे नसतात. बॉडीला हात लागतो तो मनगटाचा, शर्टाच्या बाहीसकट. हात राहतो तो नेकवर. म्हशीच्या नेकचं पॉलिश पाचव्या ते सातव्या फ्रेटमध्ये उडालं आहे ते चार जणांच्या घामाने. शिवाय या जातीच्या गिटारवर नाव लिहिलेलं असतं ते नेकच्या शेंड्यावर. फेंडरने १९७६पासून अनुक्रमांकही तिथेच छापायला सुरुवात केली. म्हणजे नेक काढली की नाव जातं, नंबर जातो, झीज जाते. उरतं ते काळं लाकूड आणि तारा. पुणेकर उगाच भावुक झाला नव्हता.

दुसरा आक्षेप कॅनडाचा. तो म्हणाला, हात बदल, रियाज कर. यात तथ्य आहे आणि आपल्याकडे तर या वाक्याला देव्हाऱ्यात जागा आहे. जँगो राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटं १९२८मध्ये आगीत जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने सोलो वाजवण्याची वेगळीच पद्धत उभी केली. हाताने वाद्यापुढे किती वाकावं त्याची ही हद्द. पण याच गोष्टीचं दुसरं टोक कमी सांगितलं जातं. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी १९६५मध्ये पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता, तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे फ्रेटवरची बोटं गेली. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगोचीच रेकॉर्ड ऐकवली. त्याने धीर घेतला, पण मार्ग वेगळा काढला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या, पुढे तारा खालच्या सुरात उतरवल्या. वाद्य हाताकडे वाकवलं. हेवी मेटल म्हणून आज आपण जो जाड, काळा आवाज ऐकतो त्याच्या मुळाशी ती तडजोड आहे. दोघांपैकी एकालाच तपस्वी म्हणायचं आणि दुसऱ्याला सोयवादी, याला काही आधार नाही.

आणि ‘हात बदल’ म्हणताना आपण धरून चालतो की वाद्य ज्या मापाचं आहे ते माप आभाळातून पडलं. पन्नाशीच्या सुरुवातीच्या फेंडरच्या नेका जाडच होत्या. ऐंशीच्या दशकात वेगाने वाजवण्याची लाट आली, तेव्हा आयबानेझची ‘विझार्ड’ नेक १७ मिलिमीटरपर्यंत उतरली. तीच चाल पुढे स्वस्त गिटारींत आली. ‘बारीक म्हणजे सोपी’ असं दुकानात सांगितलं जातं. कुणासाठी सोपी, हे विचारायची पद्धत नाही. मिरजेत ही पद्धत आहे. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांपासून ते वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा पुरुषाच्या गळ्यासाठी का बाईच्या, यावर त्याचं माप ठरतं, आणि भोपळाही त्या मानाने निवडला जातो. गाणाऱ्याने ठरावीक मापात गळा बसवावा असं तिथे कुणी म्हणत नाही.

एवढं सगळं ग्रुपवर लिहिलं. ज्याने वाजवणं सोडलं होतं तो पहिल्यांदा बोलला आणि व्यवहाराचं बोलला: मग नवी कशाला, आहे त्याच नेकला मागून लाकडाची पट्टी चिकटव आणि गोल करून घे. नाव राहील, नंबर राहील, घामही राहील. स्वस्तात होईल.

ते घेऊन मी इथल्या सुतारमामांकडे गेलो. दारं, चौकटी आणि पडलेल्या वाड्यांचा जुना सागवान, हा त्यांचा धंदा. त्यांनी नेक उलटसुलट करून पाहिली, अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘तासायचं म्हणाल तर आत्ता देतो. भर घालायची म्हणाल तर चिकटंल, पण मग ही पहिल्यासारखी कधी निघायची न्हाई, बघा.’

माझा निर्णय त्या वाक्यावर झाला. लाकडाचं काम एकाच दिशेने चालतं. जाड असेल तर बारीक करता येतं. बारीक झालं की लाकूड परत येत नाही. कारखान्यात ज्याने म्हशीची नेक १९ मिलिमीटरवर आणली त्याने पुढे ती हातात घेणाऱ्या प्रत्येकाचा निर्णय तिथल्या तिथे घेऊन टाकला. मिरजेचा कारागीर जवारी काढताना घोडीवर कानस फिरवतो ती दोनदा, मग तार छेडून ऐकतो, मग पुन्हा एकदा. त्याला कमी काम करायचं असतं असं नाही. उरलेलं हाड पुढच्या वेळेला लागणार आहे हे त्याला ठाऊक असतं. आमच्या मावळात याच्या उलट चाललेलं रोज दिसतं. बंगल्याला सपाटी हवी म्हणून जेसीबी लावून टेकडी तासतात. बंगला पुढे विकला जातो, पाडलाही जातो. टेकडी काही कुणी परत आणत नाही.

म्हैस पूर्ण माझी असती तर पट्टी चिकटवायलाही हरकत नव्हती. पण मी तिचा मालक कमी आणि सांभाळणारा जास्त आहे. चौघांच्या पैशाची वस्तू एकाच्या घरात राहिली की त्याला तिच्यात बदल करायचा हक्क कितपत? माझं उत्तर असं झालं: उलटवता येईल एवढा. स्क्रू काढणं उलटवता येतं. तासणं येत नाही, चिकटवणं येत नाही. म्हणून जे भावनेला सगळ्यात मोठं वाटत होतं, आख्खी नेकच बदलणं, तेच सगळ्यात सौम्य निघालं.

मग शोध. अमेरिकेतल्या वॉरमॉथसारख्या कंपन्या ‘फॅटबॅक’ नावाने इंचभर जाड नेक विकतात, पण आयातीचा खर्च धरला तर आमची म्हैस दोनदा विकत घेता आली असती. त्यातली गंमत म्हणजे त्यांच्या फिंगरबोर्डचं शिसवी लाकूड बऱ्याचदा भारतातूनच गेलेलं असतं. २०१७मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९मध्ये तयार वाद्यांना आणि त्यांच्या भागांना सूट मिळाली. शेवटी बंगळुरूच्या एका कारागिराने बनवून दिली. त्याने तीन मापं मागितली: तारेची लांबी, म्हणजे साडेपंचवीस इंच, बॉडीत बसणाऱ्या टाचेची रुंदी, सुमारे ५६ मिलिमीटर, आणि जाडी कुठे किती. पहिल्या फ्रेटला २५ सांगितली. जास्त झाली तर काढता येईल.

नेक आली आषाढात. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा आमच्या भिंतींत मुरतो. दारं फुगतात, कपाटं अडतात, नेक वाकते. पंधरा दिवस ती खोलीत नुसती टेकवून ठेवली, इथल्या हवेची सवय व्हायला. जाड लाकूड कमी वाकतं, ट्रस रॉडला एकदाच चावी लावावी लागली. म्हशीचं डोकं मात्र थोडं खाली झुकतं आता, पट्टा सोडला की मान टाकते.

स्क्रूच्या भोकांचा एक प्रश्न होता. बॉडीतली जुनी भोकं बुजवून नवी पाडायची का? मी नव्या नेकलाच जुन्या भोकांबरहुकूम भोकं पाडून घेतली. भाजे लेण्यांच्या दर्शनी भागात खडकात खाचा आहेत. पुढचं लाकूडकाम कधीच गेलं, पण ते होतं आणि कसं बसवलं होतं हे त्या खाचांवरून कळतं. कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने त्या सिमेंटने बुजवल्या असत्या तर?

जुनी नेक कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवली होती. गेल्या आठवड्यात पुणेकराचा मेसेज आला. त्याला ती हवी आहे, तिच्यावर नवी बॉडी बसवून तो पुन्हा वाजवायला सुरुवात करणार आहे. आणि त्याचं म्हणणं आहे की नाव नेकवर आहे, तेव्हा म्हैस त्याच्याकडची. माझं म्हणणं, काळी माझ्याकडची आहे. हॉब्ससाहेब कामशेतला पोचले म्हणायचे. ग्रुपवर मतदान घेतलं. दोन-दोन झालं. नेक उद्या लोकलने नेऊन देतो आहे, चारही जुन्या स्क्रूंसकट.