विसरलेली पेंढी

कापणीच्या वेळी शेतात विसरलेली पेंढी कोणाची? अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात उत्तर आहे: ती आणावयास मालकाने मागे फिरू नये, ती उपरी, पोरका व विधवा यांची आहे. येथे दान करण्याची आज्ञा नाही, हे आपण ध्यानी घ्यावयास हवे. जे दुसऱ्याचेच आहे, त्याचे दान कसे होणार? मवाबी विधवा रूथ बेथलेहेमात सरवा वेचावयास गेली, ती याच हक्काच्या आधारावर. बवाजाने तिच्यासाठी मुद्दाम कणसे टाकावयास सांगितले, ही त्याची दया. पण न्याय दयेच्या आधीचा.

त्याच अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी, असाही नियम आहे; कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपण मात्र रविवारी मिस्सानंतर गरिबांच्या पेटीत नोट टाकतो आणि घरी भांडी घासणाऱ्या बाईस पगारासाठी ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतो. त्या नोटेने हे देणे फिटत नाही. आज सायंप्रार्थनेला गुडघे टेकण्यापूर्वी आपण तिचा हिशेब पुरा करू या. त्यानंतर हातून जे सुटेल, त्यालाच दान म्हणता येईल.