शेजारची खुर्ची

न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअरला लागून जडसन मेमोरियल चर्च आहे. ‘न्यू सँक्चुअरी कोअ‍ॅलिशन’ या संघटनेने इथे स्थलांतरितांसाठी कायदेविषयक मदत केंद्र चालवलं.

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्याला सरकार वकील पुरवत नाही. अर्ज मात्र इंग्रजीतच भरायचा, तोही साधारणपणे देशात आल्यापासून १ वर्षाच्या आत.

म्हणून अशा केंद्रांत स्वयंसेवक शेजारी बसतात. एक विचारतो, दुसरा दुभाष्या होतो, तिसरा लिहून घेतो. घर का सोडलं? धमकी कुणी दिली? कुठल्या तारखेला? सांगणाऱ्याचा आवाज दाटला, की पेन खाली ठेवायचं, पाण्याचा पेला पुढे करायचा आणि थांबायचं. खरा पाहुणचार तो हाच.

आश्रय मागणाऱ्यांत भारतीयही असतात. तिकडच्या मराठी मंडळींनी अशा केंद्राला एखादी संध्याकाळ जरूर द्यावी. हिंदी जाणणारा दुभाष्या तिथे हवा असतो.