तालमीचा निकाल

7 मे 2025 रोजी देशभर हवाई हल्ल्याची रंगीत तालीम घ्या, असा आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाने काढला. महाराष्ट्रातली सोळा ठिकाणं त्यात होती आणि पहिल्या वर्गात तीनच नावं: मुंबई, तारापूर, उरण. मुंबई का, हे कुणी विचारत नाही. तारापूरला अणुवीज केंद्र आहे. उरणचं नाव वाचून मात्र घाटावरच्या बऱ्याच जणांनी नकाशा उघडला असेल. उरणकरांना त्याची गरज नव्हती. जेएनपीटीचं बंदर (कागदोपत्री आता जेएनपीए, पण ते कागदोपत्रीच), करंजाचं नौदलाचं शस्त्रागार, ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडविऱ्याचं वायू विद्युत केंद्र, सिलिंडर भरण्याचा कारखाना, हे सगळं या एवढ्याशा तालुक्यात. पहिला नंबर आल्याचं आश्चर्य कसलं वाटायचं? एसटीच्या रांगेत आणि पाण्याच्या पाळीत कधी न मिळालेला मान इथे मिळाला, एवढंच.

आदल्या रात्री दीडच्या आत सिंदूर मोहीम होऊन गेली होती, त्यामुळे दुपारी चारची तालीम म्हणजे वरातीमागून घोडं ठरते की काय, असं अनेकांना वाटलं. तरी ती झाली. टॉर्च, पाणी, रोख रक्कम जवळ ठेवा, असे निरोप मोबाइलवर फिरले, त्यामागोमाग विनोद फिरले. भोंगा वाजल्यावर आडोशाला जाण्याऐवजी लोक चित्रीकरण करायला पुढे सरसावतात, अशी टीकाही झाली. आपल्या लोकांना शिस्त नाही, हा मध्यमवर्गाचा आवडता निष्कर्ष पुन्हा एकदा निघाला. मला तो पटत नाही. माणसं तालमीला हसतात तेव्हा बहुतेक वेळा ती तालीम कशी बसवली आहे त्यालाच हसत असतात.

1965 आणि 1971 आठवणारी पिढी अजून आपल्यात आहे. खिडक्यांच्या काचांना खळ लावून तपकिरी कागद चिकटवायचे, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचा, दिवा दिसला की खालून ओरडणाऱ्या स्वयंसेवकाला ‘हो, हो’ म्हणत तो विझवायचा. वरखाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एका सुरातला म्हणजे धोका टळला, हे घरातल्या पोरांनाही ठाऊक. ती माणसं जास्त देशभक्त होती म्हणून हे झालं असं नाही. प्रत्येक घराच्या वाट्याला एक काम आलं होतं, म्हणून झालं. कागद कापायचा, चिकटवायचा, तो सुटला की पुन्हा लावायचा. 2025 च्या तालमीत काम होतं ते होमगार्ड, अग्निशमन दल, पोलीस आणि महसूल खात्याला. उरलेल्यांनी बघायचं होतं, आणि त्यांनी ते बघितलं. बरं, काळोख करून आजच्या क्षेपणास्त्राला चकवता येत नाही, हे बंदराचे रात्रभर जळणारे दिवे रोज बघणाऱ्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

तालीम नाकारणारे लोकही जगात होऊन गेले. 15 जून 1955 ला न्यूयॉर्कमध्ये भोंगा वाजल्यावर आसऱ्याला जाण्याचा कायदा शांततावादी कार्यकर्त्या डोरोथी डे आणि त्यांच्या सोबत्यांनी जाहीरपणे मोडला आणि अटक करून घेतली. अणुबॉम्बपासून तळघरात लपून वाचता येतं हेच खोटं आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे लेकरांना घेऊन आया मैदानात उतरल्या आणि 1961 नंतर त्या वार्षिक कवायती बंद झाल्या. उरणला नकार द्यायला कुणी शिकवायला नको. 1930 चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह याच तालुक्यातला, आणि जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली संपादित जमिनीच्या भावासाठी उभं राहून पाच जण गोळीबारात गेले तेही इथलेच. असा तालुका तालमीला विरोध करत नाही, तिच्यावर विश्वासही टाकत नाही, फक्त मोबाइल काढतो. यावर शासनाने विचार करायला हवा.

उरणच्या माणसाला धोक्याची माहिती आजवर कशी मिळाली ते बघा. करंजाच्या शस्त्रागाराभोवतीचा ‘सेफ्टी झोन’ गेली तीसेक वर्षं बोरीपाखाडी, केगाव, म्हातवली, नागावच्या घरांवर टांगलेला आहे. त्या पट्ट्यात घर बांधायला, वाढवायला परवानगी नाही. म्हणजे दारूगोळा जवळ आहे हे समजतं ते नोटिशीतून. स्फोट झाला तर कुठे जायचं, हे त्या नोटिशीत नसतं. घर पाडण्यापुरता धोका खरा आणि माणूस वाचवण्यापुरता गोपनीय, असा हा हिशेब आहे.

गोपनीयतेची ही सवय जुनी. 14 एप्रिल 1944 ला समोरच्या मुंबईतल्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावर कापसाच्या गाठी आणि सुमारे 1400 टन स्फोटकं एकत्र होती. दुपारी आग दिसली, चारच्या सुमाराला पहिला स्फोट झाला. जपान्यांनी हल्ला केला, असं अनेक मुंबईकरांना वाटलं. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी सविस्तर बातमी दिली. इथल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्यात. म्हणजे शत्रूला सगळं ठाऊक, आणि लपवाछपवी कुणापासून, तर गोदीलगतच्या चाळींपासून. शहर हवाई हल्ल्याची तयारी करत राहिलं आणि जाळलं त्याला आपल्याच धक्क्यावरच्या मालाने.

3 सप्टेंबर 2019 च्या सकाळी ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात आग लागली. चार जण गेले. तिथे विमान नव्हतं, शत्रू नव्हता. भोपाळनंतर, 1989 मध्ये आलेल्या घातक रसायनांच्या नियमांनुसार कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी तालीम आणि कुंपणाबाहेरच्या योजनेची वर्षातून एकदा तालीम बंधनकारक आहे. गृह मंत्रालयाच्या आदेशाच्या कितीतरी आधीपासून हा नियम पुस्तकात आहे. 7 मे ची तालीम ‘यशस्वी’ झाली असं दुसऱ्या दिवशी छापून आलं. तालमी नेहमी यशस्वीच होतात. ज्या परीक्षेत सगळे पास, तिचा अभ्यास कोण करणार? भोंगा कुठे ऐकू आला नाही, रुग्णवाहिका कुठे अडकली, फोन कुणी उचलला नाही, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलं असतं तर लोकांनी ते नक्की वाचलं असतं, कारण पुढच्या खेपेला चूक कुणाची ते त्यांना कळलं असतं.

आणि अडकायला जागा भरपूर आहेत. रस्त्याने पनवेलकडे निघायचं तर करळ फाटा आणि दास्तान फाट्याला ट्रेलरच्या रांगा. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जायचं तर मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच बंद. जानेवारी 2024 पासून लोकल आहे, ती एक सोय झाली. तालुका रिकामा करायची वेळ आली तर यातलं काय चालू असेल, याचं उत्तर चार वाजताच्या भोंग्यात नाही. पुढच्या ग्रामसभेत नागावकरांनी एकच विषय मांडावा: प्रकल्पातून वायू सुटला आणि वारा गावाकडे असला, तर त्याला आडवं कुठल्या रस्त्याने निघायचं, आणि त्या रस्त्यावरचे ट्रेलर हटवण्याची जबाबदारी कुठल्या खात्याची? उत्तर लेखी मागावं, खाली अधिकाऱ्याच्या नावासह.