अल्बमचा हिशेब

पोस्टाची तिकिटे जमवण्याचा छंद संपत आला आहे काय, आणि त्यात घातलेला पैसा बुडाला काय, असे दोन प्रश्न हल्ली एका दमात विचारले जातात. विचारणारे बहुधा पन्नाशी-साठी ओलांडलेले असतात. घरात जाड पुठ्ठ्याचा एखादा अल्बम असतो. तो अब्बांनी किंवा चाचांनी जमवलेला असतो आणि मुलांना त्यात रस नसतो. अल्बमचे काय करायचे हे ठरवण्याआधी माणूस त्याची किंमत विचारतो. यात गैर काही नाही. परंतु हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची गाठ कशी पडली हे तपासल्याशिवाय कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नीट मिळणार नाही, असे आम्हाला वाटते.

आधी छंदाचे पाहू. इंग्लंडात 1840 साली 'पेनी ब्लॅक' हे जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट निघाले. सिंधमध्ये 1852 साली बार्टल फ्रियर यांनी 'सिंध डाक' तिकिटे काढली. ती आशियातली पहिली, आणि सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच मोडत होता. दोन वर्षांनी, 1854 साली, हिंदुस्थानभर चालणारी तिकिटे आली. तेव्हापासून दीडशे वर्षे ही वस्तू घराघरात फुकट येत राहिली. छंदाचे मर्म या फुकट येण्यात होते. मुलाला पैसे लागत नसत, पत्र येणारे घर तेवढे लागे. पाकिटाचा कोपरा कापायचा, वाटीतल्या पाण्यात भिजत घालायचा, तिकीट सुटले की वर्तमानपत्राच्या कागदावर पालथे वाळवायचे, एवढेच भांडवल होते.

रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या आपल्या वस्त्यांना या बाबतीत जरा जास्तच श्रीमंती लाभली होती. कुणाचा आजा बोटीवर खलाशी, कुणाचे नातलग आफ्रिकेत, आणि 1970 नंतर तर घरटी एक माणूस आखातात. शाळेच्या भूगोलात न भेटणारी बंदरे पाकिटावर भेटत. पोस्टमन दारात आला की आई पत्राकडे पाही आणि मुलगा तिकिटाकडे.

ते पत्रच थांबले. आधी एसटीडी-आयएसडीचे बूथ आले, मग मोबाईल आला, मग व्हॉट्सॲप. आपल्याकडे जुलै 2013 मध्ये बीएसएनएलने तार बंद केली. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. डेन्मार्कच्या टपाल सेवेने 2025 च्या अखेरीस पत्रे वाटणेच थांबवले. आज जी पाकिटे येतात त्यांवर तिकिटाच्या जागी बारकोडची चिठ्ठी किंवा यंत्राचा छाप असतो. खाते नवी तिकिटे काढतेच आहे. 2017 साली सहावी ते नववीच्या मुलांसाठी वर्षाला 6000 रुपयांची 'दीनदयाळ स्पर्श' शिष्यवृत्तीही सुरू झाली. पण ही तिकिटे पत्रावर बसून घरी येत नाहीत, खिडकीवर जाऊन विकत घ्यावी लागतात. फुकटचा छंद विकतचा झाला. तेव्हा मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. विहीर आटली, तर पोरे पोहायला शिकत नाहीत अशी तक्रार कुणी करू नये.

आता पैशाचे. जगातले सर्वांत महाग तिकीट म्हणून नाव असलेले 'ब्रिटिश गयाना एक सेंट मॅजेंटा' हे 1856 चे. त्याची एकच प्रत ज्ञात आहे. 2014 साली ते न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 95 लाख डॉलरना गेले. 2021 मध्ये पुन्हा विकले तेव्हा सुमारे 83 लाख आले. जगात ज्याला जोड नाही अशी वस्तूदेखील सात वर्षांत लाखभर नव्हे, बारा लाख डॉलरनी उतरली. ती घेणारी स्टॅन्ली गिबन्स ही ब्रिटिश पेढी या धंद्यात 1856 पासूनची, पण 2023 च्या डिसेंबरात तिचाही कारभार प्रशासकांच्या हाती गेला. दुसऱ्या बाजूला, गांधीजींच्या 1948 च्या दहा रुपयांच्या तिकिटावर 'सर्व्हिस' असा छाप मारलेल्या चार तिकिटांच्या पट्टीला 2017 साली पाच लाख पौंड मिळाले. म्हणजे शिखरावरची खरेदी-विक्री चालू आहे. कोसळला तो मधला आणि खालचा डोंगर, जिथे तुमचे-आमचे अल्बम आहेत. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक भारतीय तिकिटे लाखांच्या संख्येने छापली गेली. ती जपून ठेवणारेही पुष्कळ होते. जी वस्तू सर्वांनीच जपली ती दुर्मिळ होत नाही, हा बाजाराचा साधा नियम लोक विसरले.

या विसरण्याचा फायदा घेणारेही निघाले. स्पेनमध्ये 'अफिन्सा' आणि 'फोरम फिलातेलिको' या दोन कंपन्या लोकांकडून पैसे घेऊन तिकिटांत गुंतवत आणि ठरावीक वाढ देऊन परत विकत घेण्याचे वचन देत. मे 2006 मध्ये पोलिसांनी छापे घातले, तेव्हा तिकिटांच्या किमती फुगवलेल्या होत्या आणि जुन्यांना नव्यांच्या पैशातून परतावा मिळत होता, असे उघड झाले. लाखो कुटुंबांची बचत त्यात अडकली. त्यांतले बहुतेक जण तिकिटांचे शौकीन नव्हते. व्याजाला पर्याय शोधणारी ती साधी माणसे होती.

दुसरे उदाहरण आपल्या ओळखीच्या मुलखातले आहे. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून 1972 पर्यंत अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल-कुवैन, रास अल-खैमा या छोट्या अमिरातींच्या नावाने परदेशी दलालांनी तिकिटांचा पूर आणला. अजमानच्या ताब्यातल्या मनामा नावाच्या चिमुकल्या वस्तीच्याही नावाने तिकिटे निघाली. त्यांवर चंद्रयाने होती, ऑलिंपिक होते, युरोपातल्या चित्रकारांची चित्रे होती. पुष्कळ तिकिटांवर छापखान्यातच शिक्का मारून येई. ज्या वाळवंटाचे नाव त्यांवर होते तिथल्या एखाद्या पत्रावर ती क्वचितच चिकटली. मुंबईच्या पदपथावर पुडीतून मिळणारी ती रंगीत तिकिटे आपल्या कित्येक अल्बमांत आजही आहेत. संग्राहकांच्या जगात त्यांना 'ड्यून्स' म्हणजे वाळूच्या टेकड्या म्हणतात. त्यांची किंमत जवळजवळ शून्य.

इथे खरा प्रश्न उभा राहतो. किंमत शून्य आहे हे कळल्यावर त्या मुलाने जमवण्यात घालवलेली दुपार वाया गेली काय? कुणी म्हणेल, मुळीच नाही, आनंद तर मिळाला. हे उत्तर सोपे आहे, पण पुरेसे नाही. कारण पुष्कळ घरांत तो आनंद निव्वळ नव्हता. 'ठेवून दे, पुढे याचे पैसे येतील' असे थोरांनी सांगितलेले होते. काटकसरीच्या घरात कोणत्याही हौसेला परवानगी मिळवायची तर तिला बचतीचा बुरखा घालावा लागतो. सोने घेताना आपण तेच करतो. आम्ही याला ढोंग म्हणणार नाही. ज्या घरात रुपयाचा हिशेब द्यावा लागतो, तिथे 'मला हे सुंदर वाटते' एवढे कारण पुरत नाही. मग पैशाचे कारण जोडले जाते, आणि हळूहळू जोडलेले कारणच मुख्य होऊन बसते.

आपल्याकडे जकातीच्या हिशेबात एक भेद केला जातो. विक्रीच्या इराद्याने घेतलेला माल हिशेबात धरायचा, घरच्या वापरातली वस्तू धरायची नाही. वस्तू तीच असेल, पण नियत तिची जात ठरवते. हा भेद फिक्हच्या पुस्तकापुरता नाही, माणूस ओळखण्याची ती एक रीत आहे. तिकिटाला लावून पाहा. गुंतवणूक करणाऱ्याला असे तिकीट हवे की ज्याला बोट लागलेले नाही, ज्याचा डिंक शाबूत आहे, जे कधी कुठे गेलेच नाही. छंद असलेल्याला बहुधा शिक्का बसलेले, समुद्र ओलांडून आलेले तिकीट आवडते. एकाला वस्तू हवी असते, दुसऱ्याला तिचा प्रवास. दोन्ही इरादे जायज आहेत. परंतु एकाची फसगत झाली म्हणून दुसऱ्याचा छंद फोल ठरला, असा निकाल देता येत नाही. 'तिकीटसंग्रहाला उतरती कळा लागली' असे म्हणताना आपण बहुधा पहिल्याच्या तराजूने दुसऱ्याला तोलत असतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. किंमत असते म्हणूनच वस्तू टिकते. ज्याला भाव नाही ते रद्दीत जाते. गांधीजींची ती चार तिकिटे कुणाच्या तरी तिजोरीत राहिली ती भावामुळेच. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. बाजार हा एक पहारेकरी आहे, फक्त तो श्रीमंत दारावरच उभा राहतो. ज्या वस्तूला भाव नाही पण अर्थ आहे, तिच्या दारावर कुणी उभे राहायचे?

अशा वस्तू आपल्या घरांत पुष्कळ आहेत. आखाताशी आपले नाते तेलापासून सुरू झाले असे आपण समजतो. तिकिटे वेगळे सांगतात. मस्कतमध्ये हिंदुस्थानी टपाल कचेरी 1864 साली उघडली, बहारीनमध्ये 1884, दुबईत 1909, कुवेतमध्ये 1915. तिथे हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. 1923 पासून त्यांवर 'कुवेत' आणि 1933 पासून 'बहारीन' असे छापले जाऊ लागले. आपली माणसे तिकडे गेली त्या वाटेवर आपले टपाल आधीच पोचलेले होते. आणि गांधीजींची 1948 ची तिकिटे पाहा. स्वतंत्र देशाने पहिल्या स्वातंत्र्यदिनाच्या वाढदिवशी काढलेल्या त्या तिकिटांवर 'बापू' हा शब्द देवनागरीत आहे आणि उर्दूतही आहे. फाळणीला एक वर्ष झाले होते, गांधीजींचा खून होऊन सहा महिने. त्या वेळी देशाने कोणत्या दोन लिपींत हे नाव लिहिले, हे सांगायला त्या छोट्या कागदाला भाष्यकार लागत नाही.

पण तिकिटाहूनही मोलाचे होते ते पाकीट, आणि पाकिटाहून मोलाचे आतले पत्र. कुवेतहून, दोहाहून, दुबईहून कोकणात आलेली कितीतरी पत्रे मराठीत होती. सलाम-दुवा उर्दू वळणाची, मग पावसाची, भातशेतीची, भावाच्या लग्नाची आणि ड्राफ्टच्या रकमेची विचारपूस मराठीत. मराठी ही आमची भाषा आहे काय, असे आपल्याला अधूनमधून विचारले जाते आणि आपण व्यासपीठांवरून उत्तर देत असतो. त्याचा सगळ्यात साधा पुरावा पत्र्याच्या ट्रंकेत आहे. तो कुणाला पटवण्यासाठी लिहिलेला नाही, म्हणूनच तो खरा आहे. त्याला लिलावात भाव नाही. घर बांधायला काढले की तो सगळ्यात आधी बाहेर जातो.

अल्बमचा वारसा कसा वाटायचा, हाही प्रश्न घरोघर आहे. जमीन मोजून वाटता येते, अल्बम पाने फाडून वाटला तर उरत नाही. रास्त किंमत काढून ज्याला ओढ आहे त्याने तो घ्यावा आणि बाकीच्यांचा, बहिणींचाही, वाटा रोख द्यावा. किंमत किरकोळ निघाली तर सर्वांच्या संमतीने शाळेला किंवा वाचनालयाला द्यावा. आणि विकायचाच झाला तर घेणाऱ्यावरही जबाबदारी येते. नवरा गेलेली बाई पिशवीतून अल्बम घेऊन दुकानात येते. त्यात एखादे मोलाचे तिकीट आहे हे दुकानदाराला दिसते, तिला ठाऊक नसते. अशा वेळी गप्प बसणे ही धंद्याची हुशारी मानतात. आम्हाला ते मान्य नाही. घासाघीस बरोबरीच्या माणसांत शोभते. जी तुमच्या जाणकारीवर विसंबून आली तिच्यापासून ती जाणकारी लपवणे म्हणजे तिचा हक्क मारणे आहे. तसेच, काहीच मोलाचे नसेल तर तेही तिला अदबीने सांगावे. नवऱ्याने आयुष्यभर कचरा जमवला, अशी भावना घेऊन तिने पायरी उतरू नये.

तेव्हा, गुंतवणूक म्हणून तिकिटांचे दिवस गेले असतील तर आम्हाला त्याचे दुःख नाही. उलट एक ओझे उतरले. आता मुलाच्या हाती अल्बम देताना 'पुढे पैसे येतील' असे सांगण्याची गरज उरलेली नाही. हेल्व्हेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी, आणि हे कुवेतचे, ज्यावर आपल्याकडचा राजा आहे, एवढेच सांगावे. त्याला आवडले तर ठीक, नाही आवडले तरी ठीक. पण ट्रंकेतल्या पाकिटांचे कोपरे आता कापू नयेत. पाकीट, पत्र आणि तिकीट एकत्र राहू द्यावे. पत्र कुणी कुणाला कधी लिहिले ते एका वेगळ्या कागदावर लिहून त्यासोबत ठेवावे. हे काम सांगू शकणारी आपल्या घरांतली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत.