ठेव कोणाची?

मनुष्य हा संग्रह करणारा प्राणी आहे. धान्य, वस्त्र, द्रव्य यांचा संग्रह तो गरजेपोटी करतो; परंतु ज्या वस्तूचा पोटाला वा अंगाला काहीच उपयोग नाही अशीही एखादी वस्तू तो वर्षानुवर्षे जपतो, आणि प्रसंगी तिच्यासाठी सख्ख्या भावाशी भांडावयासही उभा राहतो. आपल्या हळ्ळीखेड व आसपासच्या सीमाभागातील जुन्या घरांतून अशा वस्तू निघाल्या तर नवल नाही. कोणाकडे रविवर्मा छापखान्याची देवदेवतांची चित्रे असतील, कोणाकडे निजामाच्या राज्यातील टपालाची तिकिटे, कोणाकडे लाल बासनात बांधलेली हस्तलिखित पोथी. एखाद्या घरी गंजिफांचा जुना संचही असू शकेल. अशा वस्तूंना बाजारात मोठी किंमत येते हे लोकांना कळल्यापासून त्यांच्याविषयीचा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे. आपला धर्म अपरिग्रह शिकवितो. मग कागदाचे वा कापडाचे तुकडे कुलुपात जपणे हा लोभ म्हणावा की कर्तव्य? आणि कर्तव्य म्हणावे, तर ते कोणाविषयीचे?

प्रश्न मूर्त व्हावा म्हणून गंजिफांचेच उदाहरण घेऊ. गंजिफा म्हणजे हाताने रंगविलेले, बहुधा गोल आकाराचे खेळण्याचे पत्ते. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगली गंजिफांत आठ रंग व ९६ पाने असत. आपल्याकडे हा खेळ रुजला तेव्हा त्याने दशावतारांचे रूप घेतले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एकापासून दहापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने. दिवसा खेळ मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने आरंभ करावयाचा, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती असेल त्याने, असा संकेत आहे. खेळता खेळता अवतारांची नावे ओठांवर यावीत, ही त्यातील मौज. असा संच ज्या लाकडी पेटीत ठेवीत, ती पेटीही त्याच चित्रांनी नटविलेली असे. ठेवण्याचे साधन आणि ठेवण्याची वस्तू यांना सारख्याच आदराने वागविण्याची ती रीत होती.

पत्त्यांच्या संग्रहाचे वेड केवळ आपल्याच देशात आहे असे नाही. अमेरिकेत बेसबॉल नावाचा चेंडूफळीच्या जातीचा खेळ लोकप्रिय आहे. त्यातील खेळाडूंची चित्रे असलेली छोटी पाने तंबाखूच्या, व पुढे चघळण्याच्या गोळ्यांच्या पुड्यांतून मिळत. १९०९ ते १९११ या काळात निघालेल्या अशा एका मालिकेतील होनस वॅगनर या खेळाडूचे पान २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरांना विकले गेले. ते दुर्मिळ का, तर आपले चित्र छापण्यास वॅगनरनेच हरकत घेतली म्हणून. आपल्या चित्राच्या लोभाने मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये अशी त्याची इच्छा होती, असे एक मत आहे. याच्या उलट, १९५२ सालच्या एका मालिकेची न खपलेली पाने पुढे कंपनीच्या माणसाने पेट्यांसह समुद्रात बुडविली, आणि नंतर ती हकीगत त्यानेच सांगितली. आज त्याच मालिकेतील मिकी मँटलचे एक पान एक कोटी सव्वीस लाख डॉलरांना गेले आहे. ज्यास काल कचरा म्हटले त्यास आज निधी म्हणतात. बाजाराच्या किमतीवरून वस्तूचे मोल ठरविणे किती अस्थिर आहे, हे यावरून ध्यानी येईल.

परंतु याच क्षेत्रात एक असा मनुष्य होऊन गेला, की ज्याचे चरित्र आपल्या प्रश्नावर प्रकाश टाकते. जेफरसन बर्डिक हे त्याचे नाव. विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात काम करणारा हा साधा मनुष्य संधिवाताने पीडित होता. त्याने आयुष्यभर छापील पाने, पत्ते व चित्रे जमविली. त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक होती, व त्यांत बेसबॉलची पाने तीस हजारांवर होती. हा सारा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देऊन टाकला. १९४७ साली आरंभिलेले हे दान केवळ पेट्या सुपूर्द करून तो थांबला नाही. बोटे वाकडी झालेली असताना स्वतः बसून त्याने ती पाने वह्यांत क्रमाने लावली. १९६३ च्या जानेवारीत काम संपले आणि मार्चमध्ये तो निवर्तला. त्याने ती पाने डिंकाने चिकटविली म्हणून आजचे व्यापारी हळहळतात, कारण चिकटविलेल्या पानाची किंमत उतरते. जतनाच्या शास्त्राच्या दृष्टीनेही ती पद्धत आज कोणी सुचविणार नाही. तरीही संग्रह अखंड राहिला, क्रमवार राहिला आणि कोणालाही पाहता येईल असा राहिला.

आता आपल्या घराकडे वळू. ज्या भूमीत आपण राहतो त्या भूमीनेच या प्रश्नाचे एक उत्तर साऱ्या देशाला दिलेले आहे. आपल्या बीदर जिल्ह्यातील कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, ही चालुक्यांची राजधानी होती. तेथे सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा नावाची टीका लिहिली, आणि हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काचा विचार तिच्या आधाराने शतकानुशतके चालला. बंगालमधील जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणे पित्याच्या निधनानंतर पुत्रास हक्क प्राप्त होतो. मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित धनात तो जन्मतःच प्राप्त होतो. २००५ सालच्या कायद्याने हा जन्मसिद्ध हक्क मुलींनाही मिळाला. या तत्त्वामागील भावना विचारात घेण्याजोगी आहे. जो आज पाळण्यात आहे, त्याचाही पेटीतील वस्तूशी संबंध जडलेला आहे.

हलविता येण्याजोग्या धनाविषयी त्याच मिताक्षरेने पित्यास बरीच मोकळीक दिली आहे, हेही सांगितले पाहिजे. गंजिफांची पेटी घरधन्याने विकली वा प्रेमाने कोणास दिली, तर केवळ शास्त्राचे बोट दाखवून त्यास अडविणे कठीण. म्हणूनच हा प्रश्न न्यायसभेतून उठून ज्याच्या त्याच्या विवेकाकडे येतो. तेथे आपल्याला स्मृतीतील दुसरी एक कल्पना उपयोगी पडते. ती निक्षेपाची, म्हणजे ठेवीची. दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली वस्तू होती तशी परत द्यावी, स्वतःच्या मर्जीने तिच्यावर आपली उपजीविका करणारा दंडास पात्र होतो, परंतु राजा, दैव वा चोर यांच्यामुळे ती गेल्यास ठेवून घेणाऱ्यास दोष नाही, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. आपल्या पेटीतील वस्तू आपल्याकडे कोणी ठेविली? पूर्वजांनी. ती परत कोणास द्यावयाची? जे अजून लहान आहेत वा जन्मासही आले नाहीत त्यांना. असे मानले म्हणजे लोभ आणि कर्तव्य यांतील भेद स्पष्ट होतो. लोभी मनुष्य वस्तू स्वतःसाठी राखतो. ठेव सांभाळणारा ती परत देण्यासाठी राखतो. तसेच, माळ्यावर टाकून वाळवीच्या स्वाधीन केलेली पेटी हा वैराग्याचा पुरावा होत नाही. आळसाला अपरिग्रहाचे नाव देण्याची सोय धर्माने ठेवलेली नाही.

ठेव सांभाळावयाची तर तिचे शत्रू ओळखले पाहिजेत. जुन्या गंजिफा चिंध्यांचे वा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, रंगवून, लाखेने चढवीत. ती खळ म्हणजे किड्यांना मेजवानीच. कसर व वाळवी प्रथम तीच खातात. लाखेचा थर दीर्घकाळ उष्णता व दाब सोसावा लागल्यास मऊ होऊन पाने परस्परांस चिकटतात. आपल्याकडील उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो आणि पावसाळ्यात त्याच जागी ओल धरते, तेव्हा माळा ही सर्वांत वाईट जागा होय. छापील चित्रे व पत्त्यांची गोष्टही निराळी नाही. स्वस्त कागद प्रकाशाने व स्वतःतील आम्लाने पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि ओलसर हवेत बुरशी धरतो.

यास्तव उपाय साधे आहेत. घरातील आतल्या, कोरड्या खोलीतील कपाट निवडावे. ते बाहेरील भिंतीस टेकलेले व जमिनीस भिडलेले नसावे. प्रत्येक पानामध्ये आम्लरहित कागद ठेवावा. वर्तमानपत्राचा कागद कदापि वापरू नये. रबरी बंध, चिकटपट्टी आणि स्वस्त वासाचे प्लास्टिक यांपासून वस्तू दूर ठेवावी. जपण्याच्या हौसेने तिच्यावर प्लास्टिकचे कायमचे आवरण चढविणे हा तर अपराधच, कारण ते पुन्हा काढता येत नाही. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावयाचा तर बासनाच्या बाहेर ठेवावा, म्हणजे डाग पडणार नाहीत. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, स्वच्छ कोरड्या हातांनी पेटी उघडून पाहावी. उन्हात मात्र वाळवू नये.

बँकेच्या लॉकरात ठेवून निश्चिंत होणाऱ्यांनीही एक गोष्ट जाणावी. २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे आग, चोरी वा कर्मचाऱ्याच्या लबाडीने नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. पूर, भूकंप, वीज यांसारख्या दैवी आपत्तीसाठी, तिच्याकडून हयगय झालेली नसल्यास, ती जबाबदार नसते. दैवाचा अपवाद याज्ञवल्क्याने केला, तोच आजही टिकून आहे. शिवाय लॉकरात काय आहे हे बँकेस ठाऊक नसते. ते घरच्यांनाही ठाऊक नसेल, तर ती ठेव असून नसल्यासारखीच.

यावरून आपण मुख्य गोष्टीपाशी येतो. कीड आणि ओल यांहून मोठे शत्रू दोन आहेत. त्यांपैकी पहिला वाटणी. तीन भावांनी १२० पाने चाळीस चाळीस वाटून घेतली, तर न्याय झाल्यासारखा दिसतो, पण संच नाहीसा होतो. एका घरी रामाचा राजा, दुसऱ्या घरी प्रधान. खेळ कोणाच्याच घरी मांडता येत नाही. शेत वाटता येते, धान्य वाटता येते. काही वस्तू मात्र अखंड असतील तरच असतात. अशा वेळी एकाने सांभाळावी, इतरांना पाहावयास मोकळीक असावी, आणि हे लेखी असावे. कोणालाच सांभाळणे शक्य नसेल तर संग्रहालयास देण्यात कमीपणा नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास आरंभिलेला, पुत्र राजाच्या स्मृतीस वाहिलेला संग्रह १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून तो आज सर्वांचा आहे.

दुसरा शत्रू मौन. वस्तू राहते, पण ती काय, कोणी आणली, कशी खेळावयाची, हे सांगणारा जातो. सावंतवाडीत हेच घडण्याच्या बेतात होते. गंजिफा रंगविणाऱ्या चितारी कारागिरांपैकी पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध गृहस्थ उरले असता, तेथील शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० नंतरच्या काळात त्यांच्याकडून ती विद्या मिळविली आणि राजवाड्यात तरुण कारागीर बसवून ती चालू ठेविली. संग्रहालयातील एखादा संच कसरीने खाल्ला तर हानी होईल खरी. परंतु हातांतील विद्या जिवंत असेल तर नवा संच घडविता येईल.

बीदर येथे महमूद गवानाने १४७२ साली मदरसा उभारला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याच वास्तूत तोफांची दारू साठविण्यात आली होती, आणि तिच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला, अशी परंपरा आहे. जेथे विद्या ठेविली होती तेथे नंतरच्यांनी काय ठेविले, याची ती मूक साक्ष आहे. आपल्या घरातील पेटीशेजारी आपणही काय ठेवीत आहोत, याचा विचार करावा. दुर्लक्ष, भाऊबंदकी व बाजाराचा लोभ हीदेखील दारूच होय.

म्हणून ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांना आमची विनंती एवढीच, की येत्या दिवाळीच्या साफसफाईत ती पेटी उघडावी. पाने मोजावीत. ती कोठून आली, कोणी जपली, किती आहेत, हे एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून त्याची एक प्रत पेटीत व एक घरच्या कागदपत्रांत ठेवावी. मग मुलांना व मुलींना जवळ बसवून प्रत्येक अवताराचे नाव त्यांच्याकडून म्हणवून घ्यावे, आणि शक्य असल्यास एक डाव मांडावा. जुन्या पानांनी खेळण्याचे धाडस होत नसेल तर नवा संच आणावा. ज्यांना ती ठेव पुढे सांभाळावयाची आहे, त्यांची आणि तिची ओळख आपण हयात असतानाच झालेली बरी.