गोळी सोडण्याची घाई आणि तवक्कुल

रमजानचा चंद्र दिसला की आपल्या घराघरांत संकल्प केले जातात. कोणी संपूर्ण कुरआनपठणाचा, कोणी जकातचा हिशेब चोख करण्याचा, तर कोणी एखादी वाईट सवय सोडण्याचा संकल्प करतो. त्याच रात्री एखाद्या घरात कोणालाही न सांगितलेला आणखी एक संकल्प होतो, "उद्यापासून ती गोळी बंद." ती गोळी म्हणजे नैराश्यावर डॉक्टरांनी दिलेले औषध. संकल्प करणारी व्यक्ती एखादी गृहिणी असेल, रोजगार गमावलेला तरुण असेल किंवा पत्नीच्या निधनानंतर झोप हरवून बसलेले गृहस्थ असतील. सर्वांच्या मनात प्रश्न एकच असतो, ज्याच्या अंतःकरणात ईमान आहे त्याला मनःशांतीसाठी गोळीची गरज का पडावी?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी चक्कर येऊ लागते, मळमळते. तरावीहमध्ये उभे राहणे कठीण होते. मान किंवा डोळे वळवताच डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखे वाटते. रात्री भयंकर स्वप्ने पडतात, दिवसा लहानशा शब्दावरून संताप येतो, विनाकारण रडू कोसळते. मग ती व्यक्ती स्वतःलाच सांगते, "माझे ईमानच कमी पडले."

वाचकहो, याच निष्कर्षावर आज आपण थांबून विचार करू या. शरीरात घडणाऱ्या एका घटनेवरून येथे ईमानाचा निवाडा दिला जात आहे. असा निवाडा योग्य आहे काय?

प्रथम ती घटना समजून घेऊ. सर्ट्रालिन, एसिटालोप्राम, पॅरोक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन यांसारखी औषधे मेंदूतील सेरोटोनिनच्या व्यवहारात बदल घडवतात. महिनोन्महिने औषध चालू राहिले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. ते अचानक काढून घेतले तर नव्याने जुळवून घेण्यास त्याला वेळ लागतो, आणि वर सांगितलेला त्रास त्या वेळेतला आहे. तो प्रत्येकालाच होतो असे नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या शास्त्रीय आढाव्यानुसार, खास औषध थांबवल्यामुळे होणारा त्रास सुमारे सहा-सात जणांत एकाला होतो आणि तीव्र त्रास त्याहून बराच कमी लोकांना. पॅरोक्सेटिन व व्हेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास अधिक जाणवतो. फ्लुऑक्सेटिन सावकाश उतरते, म्हणून त्याचा कमी जाणवतो. यात कोठेही त्या माणसाच्या श्रद्धेचे मोजमाप नाही. हे व्यसनही नव्हे. व्यसनी माणसाला नशेची ओढ लागते, तशी ओढ येथे नसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषध घेणे तवक्कुलच्या, म्हणजे अल्लाहवरील भरवशाच्या, विरुद्ध आहे काय? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार करण्यास सांगितले आणि अल्लाहने रोगाबरोबर त्याचा उपायही उतरवला असल्याची ग्वाही दिली. यावर कोणी म्हणेल की ते शरीराच्या रोगाविषयी आहे. मनाच्या दुःखाला नमाज आणि जिक्र पुरेसे आहेत. परंतु खुद्द प्रेषितांच्या घरातील रीत पाहा. माननीय आयेशा (रजि.) आजारी माणसाला आणि शोकाकुल माणसालाही तलबीना, म्हणजे जवाच्या पिठाची पातळ पेज, देण्यास सांगत. तिने मनाला विसावा मिळतो आणि दुःख काहीसे हलके होते, असे त्यांनी प्रेषितांकडून ऐकले होते. ज्या घरात दुआ अखंड चालू होती, त्याच घरात दुःखितासाठी चुलीवर पेजही शिजत होती.

दुःखाने खचणे म्हणजे ईमान हरवणे, असेही नव्हे. पुत्रवियोगाच्या शोकाने प्रेषित याकूब (अ.) यांचे डोळे पांढरे झाले, हे कुरआनच सांगतो, आणि तरीही अल्लाहच्या कृपेपासून निराश न होण्याचा उपदेश पुत्रांना करणारे तेच होते. इसवी सनाच्या दहाव्या शतकात होऊन गेलेले मुस्लिम विद्वान अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार सांगितले, कारण ठाऊक असलेले आणि कारण न दिसणारे. दुसऱ्याचे मूळ त्यांनी शरीरात शोधले व त्यावर शारीरिक उपचार सुचवले. मनाच्या आजाराला औषध देणे ही आपल्या परंपरेला परकी गोष्ट नाही.

मग औषध कधी सोडूच नये काय? तसेही नाही. प्रकृती सुधारली, डॉक्टरांची संमती असली, तर औषध सोडण्याची इच्छा उचितच आहे. प्रश्न आहे तो रीतीचा. माननीय उमर (रजि.) सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे साथ पसरल्याचे कळले. सल्लामसलत करून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय? उमर (रजि.) यांचे उत्तर अशा आशयाचे होते की होय, अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे. उंट हिरव्या उतारावर चारला काय किंवा उजाड उतारावर काय, दोन्ही अल्लाहच्याच निर्णयाने घडते. पण शहाणा राखणदार हिरवा उतार निवडतो. गोळी एका रात्रीत फेकून देणे हा उजाड उतार आहे. सावकाश उतरणे हा हिरवा उतार आहे.

सावकाश म्हणजे कसे? डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर काही आठवडे थांबून प्रकृती पाहतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. औषधाची मात्रा आणि मेंदूवरील परिणाम सरळ प्रमाणात घटत नाहीत. मोठ्या मात्रेतून थोडे कमी केले तर फारसा फरक पडत नाही. लहान मात्रेतून तेवढेच कमी केले तर मोठा फरक पडतो. म्हणून शेवटच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्या लागतात, आणि "आता थोडीच तर उरली" म्हणून तेथे घाई करणारेच अनेकदा कोसळतात. एक दिवसाआड गोळी घेण्याचा घरगुती उपायही बहुतेक औषधांच्या बाबतीत योग्य नाही, कारण त्याने शरीरातील औषधाची पातळी सतत वर-खाली होत राहते. त्रास असह्य झाला तर डॉक्टर आधीच्या मात्रेवर परत नेतात. तो पराभव नव्हे. सातत्याने केलेले थोडे कर्मही अल्लाहला अत्यंत प्रिय आहे, ही प्रेषितांची शिकवण या लहान पायऱ्यांनाही लागू पडते.

आणखी एक फरक ओळखायला हवा. मात्रा घटवल्यावर थोड्याच दिवसांत आलेली चक्कर, झटके, मळमळ हा बहुधा औषध सुटण्याचा त्रास असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हळूहळू परतणारी उदासी हे मूळ आजार पुन्हा डोके वर काढत असल्याचे लक्षण असू शकते. हा निवाडा डॉक्टरांकडे सोपवावा. आणि जीवन नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना गाठावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

काहींना वाटते की त्रास सोसणे हाच सब्र. परंतु टाळता येण्यासारखी यातना स्वतःवर ओढवून घेणे म्हणजे सब्र नव्हे. आपल्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नये, ही कुरआनची आज्ञा आहे. योग्य मार्ग धरल्यानंतरही जे दुःख वाट्याला येते, त्यात डगमगू न देणारे बळ म्हणजे सब्र. सहा महिने धीराने पायऱ्या उतरणारी ती भगिनी एका रात्रीत गोळ्या फेकणाऱ्यापेक्षा अधिक सब्र करत असते, जरी तिचे कौतुक कोणी करत नसले तरी. रोजा ठेवण्यास प्रकृती अनुमती देत असेल तर दिवसातून एकदा घ्यायची गोळी सेहरी किंवा इफ्तारच्या वेळी घेता येईल काय, हे तिने डॉक्टरांना विचारावे. देत नसेल, तर आजारी माणसाला सवलत देणारा स्वतः अल्लाहच आहे.

आणि जे तिच्या घरात राहतात त्यांचे काय? "दुआ कर, गोळ्या कशाला?" हे वाक्य जिभेवर येईल तेव्हा आपण थोडे थांबावे. मधुमेह असलेल्या पित्याला आपण असे म्हणत नाही. त्या दिवसांत ती चिडली तर तिचे शब्द मनात धरून ठेवू नयेत, इफ्तारच्या स्वयंपाकाचा भार उचलावा, रात्री झोप येत नसेल तर जवळ बसावे. आजाऱ्याची विचारपूस करणे हा एका मुस्लिमाचा दुसऱ्या मुस्लिमावर हक्क आहे. ज्याचा आजार डोळ्यांना दिसत नाही, त्याचा हा हक्क कमी होत नाही.

काहींना हे औषध दीर्घकाळ, कदाचित आयुष्यभर घ्यावे लागेल. त्यांनी स्वतःला दुय्यम दर्जाचे श्रद्धावंत समजू नये. बिस्मिल्लाह म्हणून घेतलेली गोळी आणि सजद्यात मागितलेली दुआ एकमेकींच्या विरोधात उभ्या नाहीत. दोन्हींत बंदा एकाच दारात उभा असतो.

अल्लाह प्रत्येक थकलेल्या मनाला शिफा देवो आणि आपल्याला एकमेकांचा आधार होण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.